चार मिनिटं पुढचा माणूस

माझ्या घरातलं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे. येईल तो माणूस मला ते सांगतो. पोरगा पुण्याहून आला की पहिलं काम तेच, स्टुलावर चढून काटा मागं घेतो. तो एसटीत बसला की मी पुन्हा स्टुलावर चढतो. गुडघे दुखतात, पण चढतो. ते घड्याळ चुकलेलं नाही. ते गिरणीच्या टायमावर आहे.

गिरणी जाऊन वीसेक वर्षं झाली. टायम तेवढा राहिला. ज्या माणसामुळं तो राहिला त्याच्याबद्दल लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण उंब्रजजवळच्या एका खेड्यात, जिथं मास्तर आठवड्यातनं तीन दिवस यायचे. तेव्हा शुद्ध-अशुद्ध ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

सांगलीच्या कडेला आमची सूतगिरणी होती आणि गिरणीच्या मागं आमची चाळ. मी साच्यावर होतो. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, मोकळ्या लावायच्या, तुटलेला धागा जोडायचा. आणि गेटावर हे गृहस्थ, टायमकीपर. जैनाचं चांगलं लांबलचक नाव होतं त्यांना, पण आठशे माणसांत ते कुणी घेतलं नाही. हजेरी घ्यायचे म्हणून हजेरीअण्णा. आम्हाला तरी कुठं नाव होतं. पितळी बिल्ल्यावर जो नंबर तोच माणूस. मी सातशे बारा.

अण्णा उंच, वाळके, विळ्यासारखे पुढं वाकलेले. धोतर, पांढरी टोपी, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर गिरणीचं, उजव्या हातावर रेडिओचं. गिरणीचं घड्याळ, म्हणजेच आमचा भोंगा, रेडिओच्या चार मिनिटं पुढं. कुणी वेळ विचारली की अण्णा विचारायचे, "कुठली पायजे?" बहुतेक माणसं म्हणायची, राहू द्या.

त्यांच्या सायकलीला घंटी नव्हती. बाजारात एकदा एका म्हशीला जाऊन धडकले, तरी बसवली नाही. "येळंवर निघणाऱ्याला घंटी लागत न्हाई," म्हणायचे. म्हशीला कोण सांगणार.

दिवस मावळायच्या आत जेवायचे, ते त्यांच्या धर्माचं होतं. पण त्यातही घड्याळ घुसवलेलं. हिवाळ्यात साडेपाचला केबिनमध्ये डबा उघडायचे, गिरणीकडं पाठ आणि सूर्याकडं तोंड करून. एकदा मोठा साहेब आत आला तर हे उठले नाहीत. साहेब वाट बघत उभा. शेवटचा घास गिळून, हात धुऊन अण्णा म्हणाले, "आदी सूर्य, मग सायेब. सूर्य थांबत न्हाई." साहेब पण आल्या पावली निघून गेला. कामाचं काय विचारायला आला होता तेच विसरला असावा.

मला हा माणूस आवडत नव्हता. आता मेल्यावर सगळेच चांगले होतात, पण मी खरं तेच लिहिणार. मला वाटायचं, हा मालकाचा माणूस. सगळ्या सांगलीत सहा छप्पन्न झालेले असतात तेव्हा आमचा भोंगा सातचा म्हणून वाजतो, म्हणजे गिरणी आमची रोजची चार मिनिटं खाते. एकदा गेटावरच्या सभेत उभा राहून मी ते बोललो पण. "ह्यो टोपीवाला रोज सकाळी आमच्या झोपेतली चार मिनटं चोरून मालकाच्या खिशात घालतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी आधी डावं मनगट बघितलं, मग उजवं बघितलं आणि आत गेले. मला वाटलं, गप केला म्हाताऱ्याला.

वर आम्ही त्यांच्या गेट लावण्याची पण टिंगल करायचो. भोंगा झाला की हा माणूस चाव्यांचा जुडगा घेऊन केबिनमधनं निघायचा, वीस पावलं चालायची तर मधे थांबून चष्मा पुसायचा, धोतराचा सोगा नीट करायचा, मग कुलूप उलटंपालटं करून बघायचा. माझा साच्यावरचा जोडीदार त्यांच्या चालण्याची नक्कल करायचा. हा जोडीदार मुसलमान, बापजाद्यांचा धंदा गाद्या भरायचा, म्हणून त्याला गादीवाला म्हणायचे. तो म्हणायचा, "ह्याला गेट लावायला ठेवलाय का गेटाची पूजा करायला?"

हे सगळं नंतर अंगावर आलं. त्याची गोष्ट पुढं येईल.

गिरणीवर नोटीस लागली त्या सकाळी आम्ही गेटाबाहेर उभे होतो. गेटाला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. काही माणसं रडत होती, काही शिव्या देत होती, मी दोन्ही करत होतो. अण्णा नेहमीच्या वेळेला सायकलीवरनं आले. नोटीस वाचली. चष्मा पुसला. मग पिशवीतनं वही काढली आणि भोंग्याच्या वेळेला, भोंगा नसताना, पहिला नंबर पुकारला.

गादीवाला म्हणाला, "अण्णा, आता कशाची हजेरी?"

"तू जित्ता हाईस का?"

"हाय."

"मग झालं की. त्येचीच."

त्या दिवशी वेड्याचं मन मोडू नये म्हणून लोक ओळीत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सवयीनं आले. आणि मग दोन-अडीच वर्षं ते चाललं. गिरणीबाहेरच्या पटांगणात, रोज सातला. म्हणजे तुमच्या सहा छप्पन्नला.

पद्धत अशी. अण्णा नंबर पुकारणार. तुम्ही 'हाय' म्हणायचं. मग अण्णा विचारणार, "काम?" आणि तुम्ही आज काय करणार ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. काहीही सांगा, पण 'काय न्हाई' म्हणायचं नाही. "काय न्हाई ह्ये काम माज्या वहीत न्हाई," अण्णा म्हणायचे, "आनि वहीत न्हाई ते करायचं न्हाई." ज्याच्याकडं खरंच काही नसेल त्याला ते तिथल्या तिथं काम लावायचे. तू तुझ्या आईचा चष्मा दुरुस्त करून आण. तू चाळीतली गटार वाहती कर. तू ह्याच्या पोराला पाढे शिकव, तुला येत नसले तर त्याच्याकडनं शीक.

सुरुवातीला एक जण वैतागून म्हणाला, "आज बायकोचं बोलणं ऐकायचं काम हाय."

अण्णांनी वहीतनं मान वर केली नाही. "पुरी पाळी का अर्धी?"

"ओवरटाइम, अण्णा."

सगळी ओळ हसली. गिरणी गेल्यापासून आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

मोठ्यानं सांगायला लावण्यात काय मेख होती ते आम्हाला महिनाभरानं कळलं. एक म्हणायचा, आज तासगावला द्राक्षं पेटीत भरायला चाललोय. मागनं दुसरा विचारायचा, तिथं आणि माणूस लागतंय का रं. कोण मिरजेला वॉचमन लागलेला, कोण लोणंदच्या कांदा बाजारात पाव्हण्याच्या ओळखीनं गेलेला. एकाचं काम दहाजणांच्या कानावर जायचं. अण्णांनी स्वतः कुणाला नोकरी लावली नाही, त्यांची तेवढी पोच नव्हती. त्यांनी नुसतं ओळीत उभं केलं.

एका शब्दाला मात्र त्यांनी मनाई केली होती. बंद. गिरणी बंद पडली असं त्यांच्यासमोर बोलायचं नाही. "पाळी बदलली म्हना." पुढं पुढं तर घरात पण. पंखा बंद करा म्हटलं तर ऐकायचे नाहीत, पंख्याची पाळी संपवा म्हटलं तर उठायचे. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, "ह्यांच्या तोंडात त्यो शब्द न्हाई म्हणून आमच्या घराचं एक दार धड लागत न्हाई. कुत्री आत येत्यात."

एका सकाळी जरा वेगळं झालं. ब्लोरूममधला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यातला, एक म्हातारा आदल्या दुपारी वारला होता. अण्णांना माहीत होतं, ते मातीला पण येऊन गेले होते. तरी हात सवयीचा, वहीत त्याचा नंबर आला तो त्यांनी पुकारला. मग मागनं गादीवाल्याचा आवाज आला, "त्येची पाळी बदलली, अण्णा."

अण्णांनी वही मिटली. पुढचे नंबर घेतले नाहीत. सायकल हातात धरून, न बसता, चालत घरी गेले.

भोंगा गेल्याचा खरा घोळ बायकांचा झाला. आमच्या मंडळींचं सगळं त्यावर. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला भाकरी तव्यावर, तिसऱ्याला मी उंबऱ्याच्या बाहेर. पहिल्या आठवड्यात तिची रोज एक तरी भाकरी करपली. म्हणायची, "गिरणी गेली ती गेली, माजा तवा बी घिऊन गेली." हे अण्णांच्या कानावर गेलं. त्यांनी कुठनं तरी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला, दारातल्या लिंबाला साखळीनं टांगला, आणि भोंग्याच्या वेळा हातोड्यानं वाजवायला लागले. ठण ठण ठण. आवाज भोंग्याएवढा नव्हता. पण भाकरीला पुरत होता.

आता माझं सांगतो.

माझं तोंड असलं. वर्षभरात तीन ठिकाणी कामाला लागलो आणि तिन्ही ठिकाणी भांडून आलो. दुसऱ्या हिवाळ्यात मी हजेरीला जायचं सोडलं. रुळ वाजायचा, मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. थोरल्या भावाचा निरोप आला होता, गावाकडं ये, गोठ्याच्या शेजारची खोली मोकळी आहे. मी येतो म्हणून कळवलं. गोठ्याच्या शेजारी तर गोठ्याच्या शेजारी. मंडळींचा जीव त्यात नव्हता. ती तेव्हा हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जात होती. एवढंच म्हणाली, "आपन असं गेलो तर परत येनार न्हाई. तितं तुमी भावाचं गडी आनि मी जावंची मोलकरीन. जायचं तर जाऊ. पर ह्ये भितीकडं तोंड करून नगो."

मी वळकटी बांधून ठेवली. नऊ दिवस हजेरी चुकली होती. दहाव्या दिवशी रुळ वाजला तो लिंबापाशी नाही. माझ्या दारात.

मी दचकून उठून बसलो. फटीतनं बघतो तर अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर तो रुळाचा तुकडा, गादीवाल्यानं साखळीनं उचलून धरलाय आणि अण्णा हातोडा मारतायत. मागं बोळात चाळीस-एक माणसं, गटारीच्या दोन्ही अंगाला पाय ठेवून, ओळीत.

"जो गेटावर येत न्हाई," अण्णा म्हणाले, "त्येच्या दारात गेट येतंय. सातशे बारा."

मी बायकोला हळूच म्हणालो, "न्हाई म्हनून सांग."

ती म्हणाली, "मी का खोटं बोलू?" आणि दाराशी जाऊन मोठ्यानं, "हाईत. भितीकडं तोंड करून बसल्यात."

बोळ हसला. मला इतका राग आला की मी बनियनवरच बाहेर आलो. आणि बाहेर आलो तो आलोच.

"सातशे बारा."

"हाय."

"काम?"

वळकटी दारातनं दिसत होती. अण्णांची नजर तिच्यावर होती. गावाला चाललो, असं मी म्हणणार होतो, शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात मागनं आवाज आला.

"हळदीच्या वखारीत. माज्यासंगं."

मी मागं वळून म्हणालो, "मी?"

"न्हाई, तुमचा थोरला भाऊ."

चाळीस माणसं हसतायत, आणि अण्णा शांतपणे लिहितायत. सातशे बारा, हळद. लिहून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. "आनि बाई, तुमचा नंबर?"

"मला कुठला नंबर, अण्णा."

"काम करता न्हवं?"

"करते की."

"मग नंबर पायजे. सातशे बारा अ." आणि माझ्या खालच्या ओळीत तेही लिहिलं.

तिनं पदर तोंडाला लावला. घरात चहा नव्हता. तिनं गुळाचा खडा फोडला आणि चाळीस माणसांना गूळपाणी दिलं. शेवटाला गूळ संपला. गादीवाला म्हणाला, "वहिनी, आमाला नुसतं पाणी?" ती म्हणाली, "भावजी, तुमचं तोंड आदीच गोड हाय." तो नंबर ती मंगळसूत्रापेक्षा जास्त मिरवायची. माहेरी गेली की सांगायची, मला गिरणीनं नंबर दिलता. गिरणीनं कुठला. एका सायकलवाल्या म्हाताऱ्यानं.

पहिल्या दिवशी वखारीत बायकांच्यात बसायची मला लाज वाटली. निवडायचं काम बायकांचं, गडी पोती उचलतात. एक म्हातारी म्हणाली, "दाजी, दुसऱ्यांदा हळद लागली म्हनायची." आमची मंडळी मान वर न करता म्हणाली, "ह्या बारीची उतरायची न्हाई."

नाही उतरली. अकरा वर्षं आम्ही दोघं एका पोत्यावर शेजारी बसलो. तिची बोटं चपळ, माझी साच्यावरची, धागा जोडायला शिकलेली, तीच तिथं कामाला आली. खरं सांगतो, गिरणीत असताना आमचं बरं चाललं होतं आणि मी माझ्या बायकोला ओळखत नव्हतो. दुपारच्या पाळीवरनं मी यायचो तेव्हा ती निजलेली, ती उठायची तेव्हा मी निजलेला, आणि सकाळची पाळी असली की भाकरी घेतली की मी बाहेर. ती इतकी नकला करते, तिला गाणी येतात, तिला शेंगदाण्याचा लाडू आवडतो पण पोरांना पुरावा म्हणून ती नको म्हणायची, हे सगळं मला वयाच्या पन्नाशीला, वाईट दिवसांत, हळदीच्या धुरळ्यात कळलं. लोक म्हणतात ते दिवस हलाखीचे होते. होतेच. मला ते परत द्या.

महिन्यातनं एकदा अण्णा वखारीवर यायचे. मी खरंच येतो का ते तपासायला. एकदा मी त्यांना डिवचलं, "अण्णा, तुमी कांदा खात न्हाई, बटाटा खात न्हाई, जमिनीच्या पोटातलं काय खात न्हाई. मग हळद कशी चालती?"

"ओली न्हाई चालत. उकडून वाळीवल्याली चालती." त्यांनी पोत्यातलं एक हळकुंड उचलून दोन बोटांत मोडलं, टक्‌ असा आवाज आला. "दुक्काचं बी तसंच हाय गड्या. ओलं हाय तवर तोंडात घालू ने. वाळू द्यावं. वाळलं की मग रोज चिमूटभर लागतंयच. त्येच्याबिगार कालवनाला रंग न्हाई."

बायको म्हणाली, "अण्णा, तुमी हितंच बसा की. आमाला रेडिओ लागायचा न्हाई."

पुढं पुढं पटांगणातली ओळ विरळ होत गेली. कामाला लागलेला माणूस सकाळी येईनासा झाला. चाळीस होते ते पंधरा झाले, पंधराचे चार. अण्णा रोज सगळे नंबर पुकारायचे, गैरहजर माणूस कुठं लागला ते नंबरासमोर लिहायचे. पण ज्याच्यासमोर लिहायला काही नसेल त्याच्या दारात संध्याकाळी जेवून ही सायकल उभी.

एका दुपारी ते वखारीत आले ते पेढे घेऊन. त्यांच्या हातात खाऊ म्हणजे आम्हाला वाटलं घरात लगीन ठरलं. म्हणाले, "आज एक बी न्हाई आला."

"कुठं?"

"हजेरीला. सगळं नंबर पुकारलं. एक बी मानूस न्हाई. एक कुत्रं तेवडं हुतं." आणि हा वाळका माणूस हसत होता, लेकीच्या वरातीला बाप हसतो तसा, डोळ्यांत पाणी आणून. मला तेव्हा कळलं की हा दोन-अडीच वर्षं कशाची वाट बघत होता. कुणी येऊ नये म्हणून हा रोज येत होता.

कोरोनाच्या वर्षात मात्र ती ओळ पुन्हा भरली. सगळे घरात, कामं थांबलेली, वखारीला कुलूप. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढं, पाठीत आणखी वाकलेले. तरी एका सकाळी रुळ वाजला. आम्ही नवराबायको गच्चीवर गेलो तर पलीकडच्या गच्चीवर अण्णा, तोंडाला पांढरा रुमाल, हातात तीच वही. "सातशे बारा." मी ओरडलो, "हाय." "सातशे बारा अ." ती ओरडली, "हाय." आजूबाजूच्या गच्च्यांवरनं, पत्र्यांवरनं म्हातारे आवाज यायला लागले. काम? पापड वाळत घालतोय. काम? नातवाकडनं मोबाईल शिकतोय. काम? बायकोचं बोलणं ऐकतोय, अण्णा. "पुरी पाळी का अर्धी?" सगळ्या चाळीला पाठ होतं ते.

खाली बोळात खाकीतला एक पोरगेला शिपाई आला, म्हणाला, "काय गोंधळ हाय हा?"

अण्णा वरनं म्हणाले, "हजेरी. तुमचा नंबर काय?"

त्यानं सांगितला, खरंच. अण्णांनी लिहून घेतला. "काम?" तो हसला आणि म्हणाला, "लोकांना घरात बसवायचं, आजोबा." "मग आमी घरातच हाय. पुरी पाळी लावतो तुमची."

ते त्यानंतर दीड वर्षानं गेले. दुपारी जेवून, आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेलो तेव्हा अक्कानं मला डाव्या मनगटावरचं घड्याळ दिलं, गिरणीचं. म्हणाली, "तुमी त्येंला एकदा चोर म्हनला हुता. त्येच्यासाठी तुमालाच द्यायचं ठरीवलं हुतं त्यांनी."

मी म्हणालो, "अक्का, ते चार मिनटांचं..."

"नवीन लागलं तवा एका गड्याच्या तोंडावर गेट लावलं त्यांनी, टायम झाला म्हनून. त्येचं पोरगं आजारी हुतं म्हनून त्येला उशीर. तीन मिनटं. पाळी गेली, बोलनी बसली. ह्ये घरी येऊन जेवलं न्हाईत. दुसऱ्या दिवशी गिरनीचं घड्याळ म्होरं केलं. भोंगा आदी वाजायचा, आनि ह्ये गेट लावायचं सायबाच्या टायमाला, म्हंजी रेडिओच्या. मदली चार मिनटं तुमची. सायबाच्या घड्याळात गेट बरोब्बर सातला लागायचं. मग बोलनार कोन."

मला ते चष्मा पुसणं आठवलं. धोतराचा सोगा. कुलूप उलटंपालटं करणं. मी स्वतः किती वेळा त्या चार मिनिटांत पळत आत शिरलो असेन. आत शिरून त्यांच्या चालण्याला हसलो असेन. सभेत मी बोललो तेव्हा अण्णांनी तोंड उघडलं असतं तर मी खाली बसलो असतो, पण साहेबाला पण कळलं असतं. म्हणून दोन्ही मनगटं बघून आत गेले.

ते मनगटावरचं बघून मी भिंतीवरचं लावलं, तर ते घड्याळ असं आहे. पोराला हे सांगितलं नाही. काटा मागं घेतो तो घेऊ दे, मी चढतो स्टुलावर.

मागच्या श्रावणात माझी मंडळी गेली. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, मला जमत नाही. पोरगा म्हणाला पुण्याला चला. लेक म्हणाली फलटणला या. मी कुठं गेलो नाही आणि इथंही राहिलो नाही, असं काहीतरी. भिंतीकडं तोंड करायची सवय शरीर विसरत नाही. भाकरी येत नाही मला, शेजारनं डबा यायचा, तो उघडायचा कंटाळा.

मागच्या सोमवारी सकाळी दारात रुळ वाजला.

मला वाटलं कानात वाजला. पुन्हा वाजला. दार उघडलं तर रिक्षा उभी, रिक्षात तो रुळाचा तुकडा, आणि बोळात सात म्हातारे. एकाला काठी, एकाच्या डोळ्याला ऑपरेशनचा काळा चष्मा. गादीवाला पुढं, त्याच्या हातात अण्णांची वही. अक्कानं त्याला दिली होती, हे मला माहीत नव्हतं. त्याला जवळचं नीट दिसत नाही, वही नाकाला लावून वाचतो.

"जो गेटावर येत न्हाई," त्यानं सुरू केलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पान उलटलं. मग नुसतंच, "सातशे बारा."

"हाय," मी म्हणालो.

तो पुढची ओळ वाचत गेला, सवयीनं, बोट ठेवून. "सातशे बारा अ."

गादीवाल्यानं वही खाली घेतली, काय वाचलं ते त्याला कळलं, आणि त्याचं तोंड इतकं पडलं की मलाच त्याची दया आली. माझ्या मागं दार उघडं होतं. तिथनं उत्तर यायची मी पण वाट बघितली, खोटं का सांगू.

मग मी म्हणालो, "तिची पाळी बदलली."

गादीवाल्यानं मान हलवली. नाक पुसलं. आणि मग त्यानं जे केलं त्यासाठी मी त्याला जन्मभर विसरणार नाही. त्यानं वही परत नाकाला लावली आणि कडक आवाजात विचारलं, "काम?"

काय न्हाई, हे वहीत नाही. मी इकडं तिकडं बघितलं. आज मागनं सांगणारं कुणी नव्हतं. म्हणालो, "अण्णांवर लिहितो."

"तुला लिवता येतंय व्हय रं?" काठीवाला म्हणाला.

"पुरी पाळी लाव," गादीवाला म्हणाला, आणि लिहून घेतलं.

तेव्हापासून रोज येतात. रोज विचारतात, किती झालं. काल गादीवाल्याला थोडं वाचून दाखवलं तर म्हणतो, मी एवढी वाईट नक्कल करत नव्हतो. आज हे संपलं. म्हणजे उद्या सातला दुसरं काम सांगावं लागणार.

ते ठरवलंय. तिनं उन्हाळ्यात गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यात वखारीतलं बेणं लावलं होतं, हळदीचं. पाणी मी घालत होतो, तेवढंच एक करत होतो. आता माघ लागलाय, पानं पिवळी पडून वाळली, काढायला आलीय. तीन आठवडे झाले, मी नुसता बघून खाली येतोय.

उद्या डबा उपसणार. निघेल ती ओली असणार. उकडायची, गच्चीवर पसरायची आणि वाळू द्यायची.